बिल रसेल : ब्लॉक करायचा, पण चेंडू कोर्टातच ठेवायचा

हाफकोर्ट

बास्केटबॉलमधला सर्वश्रेष्ठ कोण, यावर इथे हाणामारी सुरू झाली की गाडी जॉर्डन आणि लेब्रॉनच्या पुढे सरकत नाही. मधूनच कोणीतरी 'अरे पण रसेलची अकरा विजेतेपदं!' असा खडा टाकतो आणि पसार होतो. म्हणून त्या माणसावर स्वतंत्र धागा काढतोय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी आकडे उरकून घेऊ. १९५६ ते १९६९ असे तेरा मोसम, सगळे बोस्टन सेल्टिक्सकडून. अकरा विजेतेपदं, त्यातली आठ सलग (१९५९ ते १९६६). पाच वेळा मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू. सामन्यामागे २२.५ रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू. आणि गुण? १५.१. एकाही मोसमात सरासरी वीसच्या वर गेली नाही. फ्री थ्रो ५६ टक्के, म्हणजे कॉलेजच्या संघातल्या पोरांनीही नाक मुरडावं असा हिशोब. सेंटर (रिंगजवळ खेळणारा, सहसा संघातला सर्वात उंच गडी) असून उंची ६ फूट १० इंच, त्याचा कायमचा प्रतिस्पर्धी सेंटर विल्ट चेंबरलेनपेक्षा चांगली तीन इंच कमी. मग हा गडी सर्वश्रेष्ठांच्या यादीत काय करतोय?

माझं म्हणणं असं की गुणांच्या रकान्यात तो शोधायचाच नाही. पन्नासच्या दशकात बहुतेक प्रशिक्षक बचावाचं एकच सूत्र घोकून घ्यायचे : पाय जमिनीवरून सुटता कामा नयेत. उडालेला बचावपटू म्हणजे फसलेला बचावपटू. रसेल उडायचा. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठात त्याच्या प्रशिक्षकांनाही ते सुरुवातीला पटत नव्हतं. पण हा माणूस उंच उडीत ६ फूट ९ इंचांच्या पुढे गेलेला, त्याला जमिनीला खिळवून ठेवणार कोण?

आता खरी गंमत. आजही ब्लॉक (समोरच्याचा शॉट हवेतच अडवणं) म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? चेंडू थेट तिसऱ्या रांगेत, खेळाडू छाती बडवतोय, पब्लिक वेडं झालंय. आणि त्यानंतर? चेंडू पुन्हा समोरच्याच संघाला, बाजूच्या रेषेवरून. म्हणजे एवढा आटापिटा करून मिळालं काय, तर टाळ्या. रसेल चेंडूला हलकेच बोटं लावायचा, तो आपल्याच गड्याच्या हातात जाईल अशा बेताने, आणि तिथून फास्ट ब्रेक, म्हणजे झटपट प्रतिहल्ला, सुरू. समोरचे चार जण अजून आपल्या रिंगकडे बघतायत तोवर सेल्टिक्सच्या बॉब कूझीचा पास सुटलेला असायचा. एकाच हालचालीत त्यांचे दोन गेले, आपले दोन आले. रकान्यात मात्र काही नाही. नाहीच, कारण एनबीएने, म्हणजे अमेरिकेतल्या या व्यावसायिक लीगने, ब्लॉक मोजायला सुरुवात केली १९७३-७४ च्या मोसमात. तेव्हा रसेल निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती.

हे सगळं उपजत होतं असं समजू नका. कॉलेजात के. सी. जोन्स त्याचा खोलीतला जोडीदार. दोघं रात्र-रात्र बसून कोनांवर चर्चा करायचे. शॉट कुठून सुटला तर रिंगला लागून कुठे उसळेल, आपण कुठे उभं राहिलं म्हणजे समोरच्याला नावडत्या बाजूनेच जावं लागेल, असल्या गोष्टी. त्या जोरावर विद्यापीठाने १९५५ आणि १९५६ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं घेतली. त्याला आवर घालायला म्हणून कॉलेजच्या खेळात रिंगखालची लेन (जिथे हल्ला करणाऱ्याला फार वेळ थांबता येत नाही तो पट्टा) ६ फुटांवरून १२ फूट रुंद करण्यात आली. एका पोरासाठी मैदानावरच्या रेषा पुसून नव्या आखाव्या लागल्या, यापेक्षा मोठं प्रमाणपत्र कुठलं? मग मेलबर्नला ऑलिंपिक सुवर्ण, अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाचा ८९-५५ असा फडशा. १९५६ चं ते ऑलिंपिक नोव्हेंबर-डिसेंबरात होतं, त्यामुळे बोस्टनचा मोसम सुरू झाल्यावर, डिसेंबरात, स्वारी तिथे दाखल झाली.

बोस्टनला तो मिळाला तोही सेल्टिक्सचे प्रशिक्षक रेड ऑरबाख यांच्या धूर्तपणामुळे. त्यांनी एड मकॉली आणि क्लिफ हेगन असे दोन जण सेंट लुईस हॉक्सला देऊन रसेलवरचा हक्क घेतला. त्याच मोसमाचा शेवटचा सामना याच हॉक्सविरुद्ध! दोनदा जादा वेळ, निकाल १२५-१२३. नवख्या रसेलचे १९ गुण आणि ३२ रिबाउंड. त्यात हॉक्सचा जॅक कोलमन मोकळा सुटून लेअपला निघाला होता, आणि रसेल पलीकडच्या टोकाकडून पूर्ण कोर्ट धावत येऊन त्याने तो शॉट अडवला. त्याचं चित्रण धड उपलब्ध नाही, पण त्या दिवशी मैदानावर असलेली माणसं पुढे आयुष्यभर त्याच्याबद्दल बोलत राहिली.

आता कोर्टाबाहेरचा रसेल. जन्म १२ फेब्रुवारी १९३४, लुइझियानातल्या मन्रोचा. कृष्णवर्णीयांना मान खाली घालून जगायला लावणारा तो दक्षिणेचा मुलूख. त्याला कंटाळून घरचे कॅलिफोर्नियात ओकलंडला आले. बारा वर्षांचा असताना आई गेली. १९५४ च्या डिसेंबरात कॉलेजचा संघ ओक्लाहोमा सिटीला स्पर्धेसाठी गेला तेव्हा हॉटेलने कृष्णवर्णीय खेळाडूंना खोल्या नाकारल्या. अख्खा संघ, गोऱ्यांसकट, सुट्टीमुळे रिकाम्या पडलेल्या एका वसतिगृहात राहिला. १९६१ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनला प्रदर्शनी सामना होता. हॉटेलच्या कॉफी शॉपमध्ये सॅम जोन्स आणि सॅच सँडर्सला खायला द्यायला नकार. रसेलने ऑरबाखना सांगितलं, आम्ही निघालो. ऑरबाखनी समजूत काढून पाहिली, मग सगळ्यांना विमानतळावर सोडून आले. सामना उरलेल्या गोऱ्या खेळाडूंमध्ये झाला. आजच्या खेळाडूंनी सामन्यावर बहिष्कार टाकला की 'राजकारण आणू नका' म्हणणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावं.

आणि दक्षिणेला कशाला नावं ठेवायची. बोस्टनजवळच्या रेडिंग गावात त्याच्या घरात चोर शिरले. चषकांची मोडतोड केली, भिंतींवर वर्णद्वेषी शिव्या लिहिल्या आणि अंथरुणात विष्ठा करून ठेवली. ज्या शहराला हा विजेतेपदांवर विजेतेपदं मिळवून देत होता त्याच शहराच्या उपनगरातली ही गोष्ट. 'मी बोस्टनसाठी नाही, सेल्टिक्ससाठी खेळलो' अशा अर्थाचं तो पुढे म्हणायचा, ते उगाच नाही.

१९६६ मध्ये ऑरबाख बाजूला झाले आणि रसेल खेळाडू-प्रशिक्षक झाला. एनबीएचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. पत्रकार परिषदेत त्याला विचारलं गेलं की तुम्ही वंशाचा विचार न करता निःपक्षपातीपणे काम करू शकाल का. आधीच्या कुठल्या प्रशिक्षकाला हा प्रश्न विचारला होता म्हणे? प्रशिक्षक म्हणून पहिल्या मोसमात विल्टच्या फिलाडेल्फियाकडून हरला, पुढचे दोन्ही मोसम जिंकला आणि बूट काढून ठेवले.

विल्टचे भक्त येतीलच, त्यांनी खाली रांगेत यावं.

~~~

दुपारचा_चहा

वाखुसा (वाचनखूण साठवली). सवडीने वाचतो, पण लेनचा किस्सा भारी आहे.

~~~

शतकी_विल्ट

आलो रांगेत.

लेख छान आहे, पण ११-११ चा जप जरा आवरा. रसेल आला तेव्हा लीगमध्ये संघ किती? आठ! साठच्या दशकातही बराच काळ नऊच. दोन फेऱ्या जिंकल्या की झालात विजेते. आज तीस संघ आणि चार फेऱ्या आहेत. शिवाय बाजूला कोण उभं, तर कूझी, हाइनसन, सॅम जोन्स, के. सी. जोन्स, नंतर हॅवलिचेक. एवढी माणसं हाताशी असल्यावर कोणीही जिंकेल.

समोर बिचारा विल्ट. २४ नोव्हेंबर १९६० ला त्याने ५५ रिबाउंड घेतले, तो विक्रम आजही आहे. कोणाविरुद्ध घेतले? तुमच्या रसेलविरुद्ध. दोघांच्या १४२ सामन्यांत विल्टची सरासरी २८.७ गुण आणि २८.७ रिबाउंड, रसेलची गुणांमध्ये त्याच्या निम्मी. अजून काय पुरावा हवा?

~~~

हाफकोर्ट

@शतकी_विल्ट, आठ संघांचा मुद्दा अर्धाच खरा आहे. आठ संघ म्हणजे देशातले निवडक ऐंशी-नव्वद खेळाडू, कच्चा संघ एकही नाही, आणि तेच सेंटर वर्षात दहा-बारा वेळा समोर येणार. विल्टविरुद्ध १४२ सामने झाले ते त्यामुळेच. आज दोन सेंटर पूर्ण कारकिर्दीत इतक्यांदा एकमेकांसमोर येतील का?

आता २८.७ बद्दल. विल्टची कारकिर्दीची सरासरी ३० च्या वर आहे. म्हणजे रसेलसमोर ती खाली आली. १९६१-६२ मध्ये तर तो सामन्यामागे ५०.४ गुण करत होता, एका सामन्यात शंभर केले. त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू कोण ठरला? रसेल. आणि तेव्हा मतदान पत्रकार करत नसत, खेळाडू करत. ज्यांना दोघांशीही कोपरं भिडवावी लागत होती त्यांनी कौल दिलाय.

'बाजूला मोठी नावं' हेही उलटं करून बघा. कूझी रसेलच्या आधी सहा वर्षं बोस्टनमध्ये होता. विजेतेपदं किती? शून्य. १९५८ च्या अंतिम मालिकेत रसेलचा घोटा दुखावला आणि हॉक्सने चषक नेला. कूझी १९६३ ला निवृत्त झाला, चषक येतच राहिले. समान धागा एकच.

~~~

खडकीचा_पॉइंटगार्ड

मी सोसायटीतल्या आणि शाळेच्या पोरांना संध्याकाळी बास्केटबॉल शिकवतो, म्हणून लेखातला ब्लॉकचा परिच्छेद अगदी पटला. मोबाइलवर छोट्या क्लिप बघून आलेली पोरं चेंडू भिंतीपलीकडे हाणतात आणि मग तो गटारातून काढत बसतात. 'हळू मार, आपल्या माणसाकडे मार' म्हटलं की तोंड वाकडं. मजा येत नाही ना त्यात.

रसेलची आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगतो. प्रत्येक शॉट अडवायचा प्रयत्न तो करायचाच नाही. चार-दोन अडवायचे, बाकीच्या वेळी समोरच्याला नुसतं वाटलं पाहिजे की आता येतोय. मग तो घाईने मारतो, वाकडा मारतो, मारायचं ते सोडून पास देतो. हा परिणाम तर १९७३ नंतरही कुठल्या रकान्यात येत नाही.

@हाफकोर्ट, त्याच्या उलट्यांचा किस्सा राहिला की!

~~~

हाफकोर्ट

हो, तो राहिलाच. :) मोठ्या सामन्याआधी रसेलला ताणामुळे उलटी व्हायची. सवयीने सोबत्यांनी त्याचा शुभशकुन करून टाकला. आतून तो आवाज आला की सगळे निर्धास्त, आज गडी तयार आहे. एकदा प्लेऑफच्या (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांच्या) सामन्याआधी आवाज आलाच नाही, तर ऑरबाखनी सराव थांबवून त्याला 'आधी ओकून ये' म्हणून आत पाठवलं होतं म्हणतात. इतक्या विजेतेपदांनंतरही ज्याच्या पोटात गोळा यायचा तो माणूस वरून बर्फासारखा दिसायचा, याचं मला फार कौतुक वाटतं.

आणि निर्णायक सामन्यांचा हिशोब बघा. मालिकेतले सातवे सामने दहा खेळला, दहाही जिंकला. १९६२ च्या सातव्या सामन्यात लेकर्सविरुद्ध ३० गुण आणि ४० रिबाउंड. चाळीस! त्यातही नियमित वेळेच्या अखेरच्या क्षणी फ्रँक सेल्वीचा शॉट रिंगवरून बाहेर पडला म्हणून जादा वेळ मिळाला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. तो पडला असता तर अकराचे दहा झाले असते. नशीबही लागतंच.

~~~

चार्ल्सकाठ

बोस्टनला राहतो, म्हणून चार गोष्टी इथल्या.

सिटी हॉलच्या पटांगणात रसेलचा पुतळा आहे, २०१३ मध्ये बसवला. डंक किंवा ब्लॉक करताना नाही, पास देण्याच्या पवित्र्यात. भोवती अकरा चौथरे, प्रत्येक विजेतेपदाचा एक. पुतळ्यासाठी तो फारसा राजी नव्हता. मुलांना मार्गदर्शक मिळवून देणाऱ्या कार्यक्रमांची जोड त्या प्रकल्पाला दिली तेव्हा तयार झाला. बेसबॉल आणि आइस हॉकीच्या गोऱ्या नायकांचे पुतळे त्याच्या कितीतरी आधी उभे होते, हे आलंच ओघाने.

इथल्या जुन्या लोकांशी बोललात तर प्रत्येक जण सांगतो की मी रसेलला गार्डनमध्ये (सेल्टिक्सच्या बोस्टन गार्डन सभागृहात) खेळताना पाहिलंय. पाहिलं असतं तर बरं झालं असतं! सेल्टिक्स ओळीने जिंकत होते तेव्हा गार्डनमध्ये कित्येकदा भरपूर खुर्च्या रिकाम्या असत, आणि तळाला घुटमळणाऱ्या ब्रुइन्स या बोस्टनच्याच संघाच्या आइस हॉकीला त्याच इमारतीत गर्दी. का, ते वेगळं सांगायला नको.

गंमत अशी की क्लबच्या बाबतीत मात्र सेल्टिक्स काळाच्या पुढे होते. पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) निवडला त्यांनी (चक कूपर, १९५०). सुरुवातीचे पाचही कृष्णवर्णीय उतरवणारे पहिले तेच, डिसेंबर १९६४ मध्ये, हाइनसन जायबंदी असल्यामुळे. पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षकही त्यांचाच. आणि शहर? १९७४ मध्ये कृष्णवर्णीय मुलांना नेणाऱ्या शाळांच्या बसवर दगडफेक करणारं. क्लब आणि शहर यांत एवढं अंतर मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

~~~

निर्विकार

माझा सूर जरा वेगळा. खेळाडू महान, मान्य. पण तो सह्या द्यायचा नाही. लहान मुलांनाही नाही. जर्सी निवृत्त करायच्या (तो क्रमांक पुढे कोणाला न देता मानाने वर टांगायच्या) कार्यक्रमाला प्रेक्षक नकोत म्हणाला. हॉल ऑफ फेमचा (बास्केटबॉलमधल्या महान लोकांच्या मानाच्या यादीचा) सन्मान नाकारला. वर्णद्वेष्ट्यांशी भांडण समजू शकतो, पण वही घेऊन उभ्या राहिलेल्या पोरांनी याचं काय घोडं मारलं होतं? स्वाभिमान आणि आढ्यता यांत फरक असतो.

~~~

मधली_लोकल

@निर्विकार, अमेरिकेच्या एफबीआयचंही हेच मत होतं. त्याच्यावरच्या फायलीत 'गोऱ्या मुलांना सह्या न देणारा उर्मट निग्रो' अशा शब्दांत नोंद आहे, ती त्यानेच पुढे जगाला सांगितली. हसत हसत.

तुमचे तिन्ही मुद्दे घेते. एक, तो सही देत नसे, पण थांबून हात मिळवायचा, दोन शब्द बोलायचा. सोबती खेळाडूंनाही सही देत नसे, म्हणजे गोऱ्या मुलांवर राग वगैरे काही नव्हता. सही ही ओळख नव्हे, असं त्याचं साधं म्हणणं. मला तरी ते पटतं. आपल्याकडे एखाद्या नटाच्या पाठीमागून सेल्फी काढून 'भेटलो' म्हणणारे पाहिले की जास्तच पटतं.

दोन, जर्सी. १९७२ मध्ये ६ क्रमांक वर चढवला तो दारं उघडण्याआधी, मोजक्या सोबत्यांसमोर. ज्यांच्यासाठी खेळलो त्यांच्यासमोरच, हा त्याचा हिशोब. १९९९ मध्ये तोच कार्यक्रम पुन्हा झाला, भरलेल्या सभागृहात. लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले आणि त्याला रडू आवरलं नाही. दोन्ही वेळा तो खराच होता.

तीन, हॉल ऑफ फेम. १९७५ मध्ये तिथे जाणारा पहिला कृष्णवर्णीय एनबीए खेळाडू तो ठरला असता. गेला नाही. त्याचं म्हणणं, माझ्या आधीचे लोक आत नाहीत तर मी पहिला कसा? २०१९ मध्ये वर उल्लेख आलेल्या चक कूपरला तो मान मिळाला, त्यानंतर रसेलने आपली अंगठी स्वीकारली. चार-दोन जवळच्यांसमोर, घरगुती. चव्वेचाळीस वर्षं एका मुद्द्यावर थांबणाऱ्याला आढ्यतेखोर म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

आणि भांडण फक्त स्वतःच्या मानापमानाचं नव्हतं. १९६३ मध्ये मिसिसिपीत नागरी हक्क चळवळीतले नेते मेडगर एव्हर्स यांचा खून झाला, तेव्हा त्यांच्या भावाच्या विनंतीवरून हा जॅक्सनला जाऊन काळ्या-गोऱ्या मुलांचं एकत्र बास्केटबॉल शिबिर घेऊन आला. त्या वातावरणात, जिवाला धोका असताना. १९६७ मध्ये मुहम्मद अलीने सैन्यात जायला नकार दिला तेव्हा क्लीव्हलंडला त्याच्या पाठीशी जे खेळाडू बसले त्यांत जिम ब्राउन होता, वीस वर्षांचा ल्यू अल्सिंडर (पुढचा करीम अब्दुल जब्बार) होता आणि रसेल होता.

~~~

निर्विकार

हॉल ऑफ फेमचा मुद्दा मागे घेतो. सह्यांचा नाही. :)

~~~

शतकी_विल्ट

१९६९ चं कोणी काढत नाहीये, म्हणून मीच काढतो, आमच्या जखमेवर मीठ असलं तरी. विल्ट तेव्हा लेकर्सकडे. जेरी वेस्ट, एल्जिन बेलर, विल्ट असे तिघं एका संघात. सेल्टिक्स म्हातारे, नियमित मोसमात पूर्व विभागात चौथे. सातवा सामना लॉस एंजेलिसमध्ये. मालक जॅक केंट कुकने छताला जाळ्यांत हजारो फुगे बांधून ठेवले, आपण जिंकल्यावर सोडायला. कार्यक्रमपत्रिकाही छापली, फुगे कधी आणि बँड कधी!

~~~

हाफकोर्ट

आणि ती पत्रिका सामन्याआधी रसेलच्या हातात पडली. खोलीत त्याला वेगळं भाषण करायची गरजच उरली नाही. निकाल १०८-१०६. शेवटाकडे डॉन नेल्सनने मारलेला शॉट रिंगच्या मागच्या बाजूला लागून सरळ वर उडाला आणि आत पडला. वेस्टचे ४२ गुण, १३ रिबाउंड, १२ असिस्ट (सोबत्याला गुण मिळवून देणारे पास). अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू हा पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाला आणि तो मिळाला हरलेल्या वेस्टला. त्यानंतर आजवर हरलेल्या संघातल्या कोणालाही तो मिळालेला नाही. २००९ पासून त्या पुरस्काराला नाव आहे बिल रसेलचं.

~~~

शतकी_विल्ट

विल्टचा गुडघा दुखावला म्हणून तो शेवटच्या काही मिनिटांत बाहेर बसला. परत येतो म्हणाला तर प्रशिक्षक व्हॅन ब्रेडा कॉल्फ घ्यायला तयार नाही. पुढे रसेल जाहीरपणे बोलला की पाय मोडल्याशिवाय अशा सामन्यातून कोणी बाहेर जात नाही. तोवर दोघं जिगरी दोस्त. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी फिलाडेल्फियात सामना असला की रसेल विल्टच्या आईच्या हातचं जेवायला घरी जायचा. त्या एका वाक्यापायी जवळजवळ वीस वर्षं अबोला. शेवटी रसेलने माफी मागितली. १९९९ मध्ये विल्ट गेला तेव्हा त्याच्या शोकसभेत तो बोलला. एवढ्या भांडणात मी रसेलला मनापासून सलाम करतो तो या माफीसाठी.

~~~

दुपारचा_चहा

वाचून झालं, प्रतिसादांसकट. दंडवत सगळ्यांना. एक शंका : लेब्रॉनही ६ क्रमांक घालायचा ना? मग सगळ्या लीगमधून तो क्रमांक बंद केला म्हणतात ते कसं?

~~~

हाफकोर्ट

रसेल गेला ३१ जुलै २०२२ ला, वॉशिंग्टन राज्यातल्या मर्सर आयलंडवर, वयाच्या ८८ व्या वर्षी. पुढच्याच महिन्यात एनबीएने सगळ्या संघांतून ६ क्रमांक निवृत्त केला. असा मान मिळालेला तो पहिलाच खेळाडू. मात्र जे आधीपासून ६ घालत होते त्यांना मुभा दिली. लेब्रॉनने आणखी एक मोसम तो घातला आणि मग स्वतःच २३ वर परतला.

~~~

खडकीचा_पॉइंटगार्ड

जाता जाता विल्टभक्तांसाठी. १९६५ मध्ये विल्टने वर्षाला १,००,००० डॉलरचा करार केला, बास्केटबॉलमध्ये तोवर न ऐकलेली रक्कम. ते कळल्यावर रसेल बोस्टनच्या कार्यालयात गेला आणि स्वतःसाठी आकडा सांगून आला : १,००,००१. मिळाला.

~~~

शतकी_विल्ट

त्या एका डॉलरचं उत्तर मात्र आमच्याकडे नाही. :))